होकाराचं कार्ड

लोमा सेका, कॅलिफोर्निया
१२ मार्च १९९५

ति. एर्मिनियाताईस,
धाकट्या बहिणीचा कृतानेक सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वाळवलेल्या मिरच्यांचं पुडकं पोचलं. पोस्टमन दारातच शिंकला. तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि आलं तरी तू ऐकून घेत नाहीस, म्हणून सगळं लिहूनच कळवते.

पापांची तब्येत शरीराने ठीक आहे. झटका आल्याला आता दोन वर्षं झाली. डावा हात हलतो, जेवण जातं, पण बोलणं कुठल्या कुठे भरकटतं. पहाटे उठून कुदळ शोधतात. अंगणातल्या तुकड्यात उभं केलं की तासभर माती सारखी करत बसतात. आरासेली शाळेतून आली की त्यांच्यापाशी बसते. सतरा वर्षांची पोर, पण आजोबांचं सगळं करते हो.

आता माझी बातमी. हसू नकोस. इथल्या कम्युनिटी कॉलेजातला माझा अभ्यासक्रम या जूनमध्ये पुरा होतोय. लोकांना दोन वर्षं लागतात, मला पाच लागली, कारण जुलै ते ऑक्टोबर टोमॅटोच्या कारखान्यात पट्ट्यावर उभं राहायचं आणि उरलेल्या महिन्यांत वह्या उघडायच्या. इथली दोन वर्षं झाली की पुढची दोन मोठ्या विद्यापीठात जाऊन पुरी करता येतात, मग खरी पदवी. तर मी डेव्हिसच्या विद्यापीठाला अर्ज केलाय. अन्नशास्त्रासाठी.

मी केलाय म्हणजे टॉलिव्हर सरांनी करायला लावलाय. व्यायामशाळेमागे एक पत्र्याची खोली आहे, तिथे ते बसतात. आमच्यासारख्यांना पुढे धाडायचं हेच त्यांचं काम. जिचं इंग्रजी अडखळतं, जो तुरुंगातून सुटून आलाय, जिला तीन पोरं आहेत, असे सगळे त्या खोलीत. सर कापूस वेचणाऱ्या काळ्या कुटुंबातले, ओक्लाहोमाहून आलेले. याच कॉलेजातून तेहेतिसाव्या वर्षी पुढे गेले आणि परत येऊन इथेच बसले. अर्जात स्वतःबद्दल लिहायचं होतं. मी सुरुवात केली, मी एक साधी बाई आहे. त्यांनी लाल पेनाने साधी हा शब्द खोडला आणि म्हणाले, हे जर खरं असतं तर तुम्ही इथवर पोचला नसता, पुढे लिहा.

पापांनी तुला शिकू दिलं नाही, ते मी अजून विसरलेले नाही, ताई. ती नन घरी विचारायला आली होती ना? तुझं राहिलं ते माझं तरी व्हावं असं वाटतं.

सुनांना आणि नातवंडांना आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
डेल्फिना

—

ईगल पास, टेक्सास
२५ मार्च १९९५

चि. डेल्फिनास अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. हसू नकोस म्हणालीस म्हणून आधी हसून घेतलं, मग लिहायला बसले. अगं, त्रेचाळीस पुरी झालीस ना? वीस वर्षं टोमॅटो निवडलेस, आता प्रोफेसर निवडायला निघालीस! तुझ्या शेजारी बसलेली पोरगी तुला मॅडम समजून उभी राहील बघ.

थट्टा सोड. पापांचं काय करणार? त्यांना बाकावर बसवून वर्गात नेणार का? आरासेलीच्या शाळेचं शेवटचं वर्ष यायचंय. घर एका खांबावर उभं आहे आणि तो खांब म्हणतो, मी जरा शिकून येते. मला नाही पटत. मी शाळा सोडली, बीट खुरपलं, लग्न केलं, शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं पोरांना जेवू घातलं. माझं काय अडलं? आणि पापांवर जुनं उगाळत बसू नकोस. ती गोष्ट माझी होती, मी ती केव्हाच पुरली.

गुडघ्याला एरंडाचं तेल लाव. अंजिराला पालवी फुटलीय. कोंबड्या बऱ्या आहेत, माझ्यापेक्षा जास्त बोलतात.

जपून राहा. राग मानू नकोस, मानलास तरी पत्र पाठव.

एर्मिनिया

—

लोमा सेका
१० मे १९९५

ति. ताईस सा. न. वि. वि.

आज थोडकंच लिहिते. विद्यापीठात जागा मिळाली नाही. तुझ्या मनासारखंच झालं, एका अर्थी बरंच झालं. जुलैत कारखाना सुरू होईल, मुकादमाने मला पट्ट्यावरून तपासणीच्या टेबलाशी बसवायचं कबूल केलंय. पाय तरी दुखणार नाहीत.

पापा ठीक. आरासेली ठीक. काळजी नसावी.

तुझी,
डेल्फिना

—

लोमा सेका
१६ मे १९९५

ति. मावशीस आरासेलीचा सा. न.

मावशी, हे पत्र मी शाळेच्या ग्रंथालयात बसून लिहितेय. आईला कळलं तर माझी धडगत नाही. पण तुला कोणीतरी खरं सांगायला हवं.

आईला जागा मिळाली आहे. जाड पाकीट आलंय. त्यात शिष्यवृत्तीचा कागद आहे, राहायच्या खोलीचा कागद आहे, आणि एक कार्ड आहे. त्यावर हो म्हणून खूण करून सही करायची आणि ते एक जूनच्या आत तिथे पोचलं पाहिजे. पाकीट आलं त्या दिवशी आईने मला उचलून गोल फिरवलं. मला! मी तिच्यापेक्षा उंच आहे.

मग चार मेला तिची परीक्षा होती आणि मी शाळेत होते. शेजारच्या बाई आजोबांकडे बघणार होत्या, त्यांचा जरा डोळा लागला. आजोबा फाटक उघडून निघून गेले. दोन तास सापडेनात. शेवटी पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला कालव्याच्या काठावर दिसले. बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवलेले आणि पाय पाण्यात. मावशी, आणखी वीतभर पुढे सरकले असते तर कालवा खोल आहे. आई धावत आली, त्यांना मिठी मारली, घरी आणलं, आंघोळ घातली. मग ते पाकीट मक्याच्या पिठाच्या डब्यात पिठाखाली पुरलं. मी बघितलं ते.

टॉलिव्हर सर घरी येऊन गेले. आईने त्यांना कॉफी दिली आणि सांगितलं की माझा नकार समजा. ते म्हणाले, कारण सांगा. ती म्हणाली, वडील. ते म्हणाले, वडिलांची सोय आपण बघू, दुसरं कारण सांगा. तेव्हा आईने त्यांच्या कपात आणखी कॉफी ओतली. मग म्हणाली, त्या वीस-वीस वर्षांच्या पोरांत मी काय करू, तिथे सगळ्यांना दिसेल की मला काहीच येत नाही. सरांनी कॉफी संपवली, कप स्वतः विसळला, आणि एक जूनपर्यंत कधीही फोन करा म्हणाले. तिने केलेला नाही.

मी म्हटलं मी एक वर्ष शाळा थांबवते. तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी परत तो विषय काढला नाही.

मावशी, तू तिला रागावतेस तेव्हा ती ऐकते. तर आता उलट्या बाजूने रागाव ना.

तुझी लाडकी (तूच म्हणतेस),
आरासेली

—

ईगल पास
२१ मे १९९५

चि. डेल्फिनास,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी ऐक. पिठाच्या डब्यात काय आहे ते मला ठाऊक आहे. कोणी सांगितलं म्हणून विचारू नकोस, आणि त्या पोरीवर डोळे वटारलेस तर माझ्याशी गाठ आहे.

आता मी तुला एक गोष्ट लिहिते. ती मी तुझ्या मेहुण्यांनासुद्धा कधी सांगितली नाही. ते गेले, देव त्यांचं भलं करो, न ऐकताच गेले.

मी चौदाची होते तेव्हा आपण मिनेसोटात बीटवर होतो. तू तीन वर्षांची, शेताच्या कडेला पेटीत झोपायचीस. उन्हाळ्यात सिस्टर लुडमिला मजुरांच्या पोरांना शिकवायची. तिने मला हेरलं. हंगाम संपत आला तेव्हा ती खोपटात आली. मठाच्या शाळेत हिवाळाभर राहायला घेतो म्हणाली, जेवण, कपडे, सगळं त्यांचं. तुझ्या वडिलांशी बोलू दे म्हणाली. पापा तेव्हा विहिरीवर गेले होते.

डेल्फिना, मी तिला म्हटलं, पापांना विचारलंय, ते नाही म्हणाले.

विचारलं नव्हतं. एक शब्दही नाही. मला त्या जाड भिंतींची भीती वाटली. गोऱ्या पोरींत माझे भेगाळलेले हात कुठे लपवू, असं झालं. सिस्टर गेली. पापा पाणी घेऊन आले, ती का आली होती म्हणून विचारलं. मी म्हटलं, निरोप घ्यायला. पुढे आईला, मग मावश्यांना कळलं तेव्हा मी तेच सांगितलं, पापांनी सोडलं नाही. सगळे हळहळले. एर्मिनियाने घरासाठी शिक्षण सोडलं. ते ऐकायला मला बरं वाटायचं ग. पुढे पुढे मलाच ते खरं वाटायला लागलं.

पापांच्या साठीला तू सगळ्यांदेखत त्यांना तोंडावर बोललीस, तुम्ही ताईचं आयुष्य बीटात गाडलंत म्हणून. आठवतं? त्यांनी वर बघितलं ते तुझ्याकडे नाही, माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्यांनी मक्याच्या तोर्तियाचा तुकडा मोडला आणि घेवड्यात बुडवून खाल्ला. बारा वर्षं झाली, त्यांनी ते ओझं माझ्यासाठी वाहिलं, आणि आता त्यांना ते आठवतही नाही.

तर आता तू त्यांच्याच आड लपतेयस. मी लपले तशी. पापा कालव्यावर गेले ही काळजी खरी आहे, नाही कुठे म्हणते? पण तुझी भीती त्याहून जुनी आहे, आणि ती मी ओळखते, कारण ती आधी माझ्या घरी राहून गेलीय.

अंजीर आणि कोंबड्या शेजारच्या चेलोच्या हवाली केल्यात. घर धाकट्या मुलाला दिलंय, त्याच्या बायकोला माझं स्वयंपाकघर हवंच होतं. मी सोमवारी, एकोणतीस तारखेला, बसने पोचते. मी परत जायचं तिकीट काढलेलं नाही. पापांना मी बघेन. त्यांचं माझ्याकडे येणं आहे आणि फेडायला मला दिवस हवे आहेत.

कार्ड पिठातून काढून झटकून ठेव.

आता आशीर्वाद.
एर्मिनिया

—

डेव्हिस
१ ऑक्टोबर १९९५

ति. ताईस कृतानेक सा. न. वि. वि.

आठवडा झाला इथे येऊन. खोली लहान आहे पण खिडकीतून झाड दिसतं. बाहेर जिथे बघावं तिथे सायकली. पहिल्याच दिवशी तिघांनी मला घंटी वाजवून बाजूला केलं. विद्यापीठाच्या गाई रस्त्यालगतच बांधलेल्या असतात, त्यांच्याशी मात्र माझं जमलंय.

तुला मी तो मे महिन्याचा दिवस कधी नीट सांगितलाच नाही. तू आलीस, बॅग ठेवलीस, पापांचं जेवण वाढायला घेतलंस, आणि नंतर घरातल्या गडबडीत राहूनच गेलं. सोमवारी सुट्टीमुळे पोस्ट बंद. मंगळवारी टाकलं तर पोचेल याचा भरवसा नाही. मी टॉलिव्हर सरांना फोन केला तर ते म्हणाले, गाडी तयार आहे. मंगळवारी सकाळीच निघालो. त्यांची गाडी माझ्याहून म्हातारी. वाटेत दोनदा वाफ आली. दुसऱ्यांदा आम्ही बदामाच्या बागेच्या सावलीत इंजिन गार होईपर्यंत बसलो. मी त्यांना विचारलं, आजवर किती जणांना असं पोचवलंत? ते म्हणाले, मोजत नाही, मोजायला लागलो तर न पोचलेलेच आठवतात. मग म्हणाले, मला माझ्या वेळी एका बाईने पोचवलं होतं, कॉलेजात झाडू मारायची ती. मी तिला धन्यवाद म्हणायचं विसरलो, म्हणून गाडी चालवतो.

कचेरीत खिडकीशी बसलेल्या मुलीने कार्ड हातात घेतलं, ते उलटं करून बघितलं आणि विचारलं की हे पांढरं काय लागलंय. मी म्हटलं, पीठ. तिने शिक्का मारला. ताई, एवढंच. ठक. मी त्या खिडकीशी उभी राहिले ती हलेचना. सरांनी मागून म्हटलं, डेल्फिनाबाई, मागे रांग आहे.

आणि निघायच्या सकाळी तू मुद्दाम आरासेलीला घेऊन दुकानात गेलीस, ते मला समजलं. मी पापांपाशी जमिनीवर बसले. म्हटलं, पापा, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला, सगळ्यांदेखत घेतला, मला माफ करा. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग विचारलं, जेवलीस का? मी हो म्हटलं. तेव्हा त्यांनी माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. ज्या हाताला जोर नाही त्या हाताने.

तू माझ्यासाठी तुझं घर सोडून आलीस. त्यावर काय लिहू? कागद अपुरा आहे आणि तुला असलं वाचायला आवडतही नाही. तरी लिहिलं.

दर पंधरवड्याला बसने येईन. आरासेलीला अभ्यासाला बसव. तुझी छाया असू दे.

डेल्फिना

—

डेव्हिस
५ नोव्हेंबर १९९५

ति. ताईस सा. न.

रसायनशास्त्राच्या परीक्षेत मला शंभरात एकतीस मिळाले. वर्गातल्या सगळ्यांनी आपापले पेपर बघितले आणि बोलत बाहेर गेले, मी बाकावर बसून राहिले. इथे सगळं फार भरभर चालतं. आपल्या कॉलेजात जे चार महिन्यांत शिकवतात ते इथे दहा आठवड्यांत. मी रोज वाचते, शब्द कळतात, पण वाक्य हातातून निसटतं.

मी येते घरी. हंगाम संपला असला तरी कारखान्यात सफाईचं काम असतं. तू आलीस, सरांनी एवढं केलं, सगळ्यांपुढे शरम वाटते. पण आधीच परतणं बरं, अजून खड्ड्यात जाण्यापेक्षा.

रागावू नकोस.
डेल्फिना

—

लोमा सेका
९ नोव्हेंबर १९९५

चि. डेल्फिनास आशीर्वाद.

घरी यायचं असेल तर ये, पण रविवारचं जेवण जेवून संध्याकाळच्या बसने परत जायचं. तुझ्या पलंगावर आता मी झोपते. जागा नाही.

एकतीस म्हणजे काही शून्य नव्हे. मी पहिल्यांदा शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचा भात लावला तो खाली करपला आणि वर कच्चा राहिला. मुख्य बाईने मला काढलं नाही, पातेलं घासायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी परत भातच लावायला सांगितलं.

तुझं पत्र मी टॉलिव्हरांना वाचून दाखवलं. हो, दाखवलं. ते दर गुरुवारी येतात, पापांची दाढी करून देतात आणि माझे मक्याच्या सालीत उकडलेले तामाले नेतात. माझं इंग्रजी आणि त्यांचं स्पॅनिश, दोन्ही लंगडी, पण दोन लंगडे मिळून चालतं. ते म्हणाले, तिने तो पेपर घरात लपवू नये. तोच पेपर घेऊन सरळ शिक्षकाच्या खोलीत जावं आणि म्हणावं, कुठे चुकलं ते दाखवा. तिथल्या पोरांना हे लहानपणापासून माहीत असतं, आपल्याला वाटतं की शिक्षकाच्या दारात फक्त शिक्षा घ्यायला जायचं. आणि तुझ्यासारख्या मोठ्या वयाने शिकायला आलेल्यांची तिथे एक खोली आहे म्हणे, चहाची किटली असलेली. तिथे शिकवायला माणूस बसतो, फुकट. तू गेलीस का एकदा तरी? नाही ना गेलीस? मला ठाऊक होतं. पिठाचा डबा तिथेही शोधून काढला असशील.

हे पत्र मिळालं की दुसऱ्याच सकाळी जा. मग मला लिही.

जाशीलच, या भरवशावर थांबते.
एर्मिनिया

—

डेव्हिस
२२ सप्टेंबर १९९६

ति. ताईस कृतानेक सा. न. वि. वि.

उन्हाळ्याचे तीन महिने तुझ्या हातचं खाऊन परत आले तर दोन स्कर्ट आवळ झालेत. दोष तुझा. आरासेलीचं पत्र आलं. पोरगी आता त्याच पत्र्याच्या खोलीत सरांपुढे बसते हे वाचून मला किती बरं वाटलं ते तिला सांगू नकोस, चढून बसेल.

माझं दुसरं वर्ष सुरू झालं. रसायनाचा शेवटचा भाग जूनमध्ये सुटला, ते तुला माहीतच आहे. त्या किटलीच्या खोलीत मी इतकी बसले की तिथल्या बाई मला किल्ली देऊन घरी जायच्या. परवा अन्न प्रक्रियेच्या तासाला प्रोफेसर टोमॅटोची साल काढायची पद्धत सांगत होते. फळ्यावर आकृती काढली. मी हात वर केला. म्हटलं, हे असं केलं तर सकाळी चालेल, पण दुपारी ऊन चढल्यावर फळ मऊ पडतं आणि पट्टा तुंबतो, मग कोणीतरी हात घालतं आणि बोटं जातात. प्रोफेसरांनी खडू ठेवला आणि म्हणाले, इथे पुढे येऊन सांगता का? मी गेले, ताई. तीस पोरं लिहून घेत होती. मला एकदम पट्ट्यावरच्या आपल्या बायका दिसल्या, केसांना जाळ्या लावलेल्या, ओळीने.

टॉलिव्हर सर या वर्षाअखेर निवृत्त होतायत, हे तुला त्यांनी सांगितलं असेलच. मी त्यांना फोन करून आभार मानायला सुरुवात केली. दोन वाक्यं ऐकून घेतली आणि म्हणाले, बरं, गुरुवारी दुपारच्या बसने लोमा सेकाहून एक बाई येतायत, त्यांना उतरवून घ्या.

गेले. पा हुआ मुआ म्हणून आहे, हमाँग लोकांपैकी, एकोणचाळीस वर्षांची. लाओसच्या डोंगरातून पळून निर्वासितांच्या छावणीत वाढली, मग आपल्या गावात आली. नवरा वारलाय. आपल्याच कॉलेजातून आलीय, मला तिने पट्ट्यावर बघितलंय म्हणते, मी तिला नाही. बसमधून उतरली आणि तिथेच उभी, दोन्ही हातांत दोरीने बांधलेलं खोकं. मला म्हणाली, मी चूक तर नाही ना केली? मी खोक्याची दुसरी बाजू धरली. केवढं जड होतं! अर्धे तांदूळ.

चालता चालता ती रडायला लागली. तिची म्हातारी आई मागे राहिलीय, मुलाकडे, म्हणजे हिच्या भावाकडे. भाऊ आणि वहिनी दिवसभर कामावर. म्हातारी एकटीच खोलीत बसून असते, भाषा येत नाही, कुणाशी बोलत नाही. पा हुआ म्हणते, चार ऑक्टोबरच्या शुक्रवारी परत जाईन. मी तिला किटलीच्या खोलीत नेलं, एकतीस मार्कांची गोष्ट सांगितली. हसली, पण शुक्रवारचं अजून बोलतेच आहे. काय सांगावं ते मला सुचत नाही. माझ्यासाठी तू आलीस. तिच्यासाठी कोण येणार?

पापांना नमस्कार. माझ्या वतीने त्यांच्या कपाळाचा मुका घे.

तुझ्या मायेच्या जिवावर उभी असलेली,
डेल्फिना

—

लोमा सेका
२६ सप्टेंबर १९९६

चि. डेल्फिनास अनेक आशीर्वाद.

पत्र काल सकाळीच पावलं. पा हुआला हे वाचून दाखव, इंग्रजीत करून.

पत्र वाचलं आणि तशीच चप्पल घालून निघाले. टॉलिव्हरांनी पत्ता दिला. आपल्यापासून तीन गल्ल्या, रेल्वेच्या अलीकडे. भाऊ कामावर निघतच होता, त्याला मी कोण ते सांगितलं, त्याने आईला सांगितलं. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग बहुतेक माझे हात बघितले, आणि डोक्याला फडकं बांधून उभी राहिली. घेऊन आले घरी. एवढीशी आहे, वाळलेल्या शेंगेसारखी, पण चालते माझ्यापुढे.

पापा अंगणात होते. तिने त्यांचा तो सारखा केलेला तुकडा बघितला, कंबरेच्या पिशवीतून मोहरीचं बी काढलं आणि विचारता ना सवरता मूठभर फेकलं. असं, भिरकावून! पापांनी आयुष्यभर बीट विरळलंय, त्यांच्या मातीत असं बी फेकणं म्हणजे देवळात थुंकणं. ते उठले. काठीशिवाय उठले, डेल्फिना. तिला म्हणाले, बाई, ओळीत लावायचं असतं, दोन रोपांत वीतभर जागा सोडायची, तुम्हाला कोणी शिकवलं नाही का? म्हातारी तिच्या भाषेत त्यांच्या दुप्पट बोलली. हातवारे करून सांगत होती, बहुतेक असं की आमच्या डोंगरावर असंच पेरतात आणि ते उगवतं. पापांनी कुदळ आपटली. तिने ती त्यांच्या हातातून घेतली. त्यांनी परत ओढून घेतली.

मी दारात उभी राहून बघत होते आणि मला हसावं का रडावं कळेना. पापा रागावले होते ग! तीन वर्षं झाली, भूक लागली म्हणायचं भान नाही ज्या माणसाला, तो लाल होऊन शेतीवर भांडत होता. दुपारी दोघांना एकाच बाकावर बसवून घेवडा आणि भात वाढला. एकमेकांकडे पाठ करून जेवले. पण जेवले पोटभर.

आज सकाळी सात वाजता म्हातारी आपणहून आली. पापा फाटकाशी उभेच होते, कुदळ पाठीमागे लपवून.

तेव्हा पा हुआला सांग, शुक्रवारच्या बसचं तिकीट असेल तर परत कर. तिची आई रोज इथे जेवते. एक ताट जास्त वाढायला मला काहीच पडत नाही, तीनशे वाढलीयत. तिने आपलं रसायन बघावं. आणि पहिल्या परीक्षेत एकतीस मिळाले तर इकडे कळवायची घाई करू नये, आधी शिक्षकाच्या दारात जावं.

म्हातारीचं नाव मला अजून उच्चारता येत नाही. ते तेवढं लिहून पाठव, मोठ्या अक्षरांत. बाहेर परत आरडाओरडा सुरू झालाय, जाऊन बघते.

दोघींना मनापासून आशीर्वाद,
एर्मिनिया